व्रोत्स्वाफला पत्ते खेळायला जाताना

आमच्या क्लबात चौघं जमले की पहिला अर्धा तास पत्ते वाटलेच जात नाहीत. आधी मागच्या डावांच्या गोष्टी निघतात. एकाने एक सांगितली की दुसऱ्याला तीन आठवतात, आणि पोलंडहून आल्यापासून तर आमची पार पंचाईत झाली आहे. ब्रिजच्या स्पर्धेसाठी बाहेरदेशी जायचं तर काय काय लागतं, हे विचारायला नाशिकला गंगापूर रोडच्या माझ्या घरी कोणी ना कोणी येतं. मी यादी काढून द्यायला बसते, आणि यादीतल्या प्रत्येक ओळीला एक किस्सा चिकटलेला निघतो. म्हणून आता यादी देणं सोडलं. चहा टाकते आणि किस्सेच सांगते.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी सुनंदा. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी विभागात होते. माझे भिडू भामरे भाऊ, त्याच कारखान्यात टर्नर. मूळचे सटाण्याकडचे, राग आला किंवा आनंद झाला की थेट अहिराणीत घुसतात. आमच्या टीमची दुसरी जोडी गायकवाड सर आणि निकम. सर सुरगाण्याच्या आश्रमशाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, निकम पोस्टातून. आणि पाचव्या विमलवहिनी, म्हणजे भामरे भाऊंच्या बायको. त्यांना ब्रिजमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या फक्त देश बघायला आल्या होत्या.

ही स्पर्धा कुणालाही नाव देता येईल अशी, खुली. आमच्या क्लबातून बाहेरदेशी खेळायला गेलेली आमची पहिलीच टीम. निघताना क्लबातलेच एक जण म्हणाले, "जाऊन या, विमानातून ढग तरी बघाल." तो शब्द चौघांच्याही मनात जाऊन बसला होता.

*

पहिली गोष्ट व्हिसाची. आयोजकांचं निमंत्रणपत्र छापून जवळ ठेवा. मोबाईलमधलं चालत नाही.

मुंबईला खिडकीपलीकडच्या बाईंनी भामरे भाऊंना विचारलं, "जायचं कारण?"

भाऊ म्हणाले, "पत्ते खेळायला."

बाईंनी मान वर केली. "पैसे लावून?"

"नाय हो. डोकं लावून."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पत्र मागितलं. पत्र गायकवाड सरांच्या फाईलमध्ये होतं, आणि सर शेजारच्या रांगेत. सर म्हणजे शिस्तीचा माणूस. चार प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव. त्यांनी तिथूनच प्रत पुढे केली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "तुम्ही खरंच इतके चांगले खेळता?"

भाऊ म्हणाले, "ते बघायलाच चाललोय, मॅडम. आल्यावर सांगतो."

तेव्हा मात्र त्या हसल्या.

*

शहराचं नाव आधी पाठ करा. कागदावर आम्ही वाचलं रोक्लाव. महिनाभर तेच म्हणत होतो. तिथे उतरल्यावर कळलं, ते व्रोत्स्वाफ. निकमांनी पोस्टात चाळीस वर्षं पत्ते वाचले होते, म्हणजे घरांचे पत्ते. त्यांना ते फार लागलं. ट्राममध्ये बसून ते पुटपुटत राहायचे, "व्रोत्... व्रोत्..."

त्याच ट्राममधली दुसरी सूचना. तिकीट घेतलं म्हणजे झालं नाही, आत चढल्यावर ते छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर छाप उमटवावी लागते. आम्ही तिकिटं नव्या नोटांसारखी जपून खिशात ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी तपासनीस आला. उंच, मिशा, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. गायकवाड सरांनी इंग्रजीत सगळं समजावलं. तिकीट घेतलंय, तारीख आजची आहे, आम्ही पाहुणे आहोत.

त्याने ऐकून घेतलं. मग त्याची नजर सरांच्या गळ्यातल्या स्पर्धेच्या बिल्ल्यावर गेली. "ब्रिज?"

सर एकदम उत्साहाने म्हणाले, "येस, येस, ब्रिज."

आम्हाला वाटलं, सुटलो. त्याने शांतपणे दंडाची पावती काढली, लिहायला लागला, आणि लिहिता लिहिता मान न उचलता विचारलं, "बोलीची पद्धत कोणती खेळता?"

पुढचे तीन थांबे सर त्याला आमची पद्धत समजावत होते. तो मन लावून ऐकत होता. दंड पूर्ण घेतला.

*

खाण्याची काळजी करू नका. शाकाहारी माणसालाही मिळतं. बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी भरून उकडलेले, कडा मुडपलेले पिएरोगी सगळीकडे असतात. वहिनींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ह्या तर उकडलेल्या करंज्या. कडा कुणी मुडपल्यात, लय घाई केली."

बरोबर काय न्यायचं तर स्वेटर. बाहेर ऊन असलं तरी हॉलमध्ये गारठा असतो. आणि आवाज न करणारे बूट. ह्याचं महत्त्व आत गेल्याशिवाय कळत नाही. शेकडो माणसं बसलेली, आणि ऐकू येते ती फक्त पानांची सळसळ. आमच्या क्लबात एक डाव होईपर्यंत दोन भांडणं आणि एका लग्नाची बोलणी होतात. तिथे बोलीसुद्धा तोंडाने करायची नाही. प्रत्येकासमोर एक डबी असते, त्यात सगळ्या बोली छापलेली कार्डं. दोन बदाम म्हणायचं तर त्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. पास म्हणायचं तरी कार्ड. भामरे भाऊ म्हणाले, "मुक्यानी संसार करावा तसं वाटतंय."

*

हॉलच्या दारात मोबाईल जमा करावे लागतात. घड्याळंही तपासतात, कारण आजकालच्या घड्याळांतून निरोप जातात.

भाऊंच्या हातात त्यांच्या लग्नातलं चावीचं घड्याळ. दारावरच्या तरुण रक्षकाने ते उलटंपालटं करून पाहिलं. काच दाबली. बाजूची चावी दाबली. काही होईना, म्हणून त्याला जास्तच संशय आला. त्याने वरिष्ठांना बोलावलं. मागे रांग वाढत चालली. पहिल्या फेरीला सात मिनिटं उरली होती आणि उशीर झाला तर गुण कापतात.

एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि डोळे मिटून थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग ते भाऊंना परत देत म्हणाले, "हे फक्त वेळ सांगतं ना?"

भाऊ म्हणाले, "कधी कधी."

*

टेबलावर फक्त इंग्रजीत बोलायचं, हा नियम फार कडक. आपल्या भाषेत काही पुटपुटलं तर समोरच्यांना वाटतं, भिडूला खूण करताय. आणि शंका आली तर कुणीही हात वर करून पंचांना बोलावतं.

तिसऱ्या सामन्यात बोली भाऊंनी जिंकली होती, म्हणजे तो डाव ते खेळणार आणि माझी पानं टेबलावर उघडी पडणार. मी जरा जास्तच आशेने बोली वाढवली होती. मी पानं मांडली. भाऊंनी ती पाहिली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाई काय शे?"

डावीकडच्या माणसाने लगेच हात वर केला. पंच आल्या, हातात वही. "हे काय म्हणाले?" मला विचारलं. मी म्हटलं, "त्यांची बोलीभाषा आहे." त्यांनी भाऊंकडे वळून विचारलं, "अर्थ सांगा."

भाऊ खाली मान घालून म्हणाले, "व्हॉट इज धिस."

पंचांनी माझी टेबलावरची पानं पाहिली. मग वही मिटली आणि तक्रार करणाऱ्याला म्हणाल्या, "ही पानं पाहून मीही हेच म्हणाले असते. खेळ चालू ठेवा."

तो डाव भाऊंनी काढला, हे सांगायलाच हवं. एकही हात जास्त नाही, एकही कमी नाही.

*

आता वहिनींविषयी. तुम्ही प्रेक्षक म्हणून जाणार असाल तर हे नीट ऐका. एका खेळाडूच्या मागे खुर्ची घेऊन बसायचं, आणि फक्त त्याचीच पानं बघायची. मध्येच उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि सगळ्यात कठीण म्हणजे चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. चांगली पानं दिसली म्हणून डोळे मोठे झाले तरी समोरच्याला कळतं.

पहिल्या दिवशी वहिनींनी शहर पाहिलं. नदी, पूल, चर्च. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाय दुखताहेत, मी आत बसते." आणि बसल्या त्या नेमक्या आमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मागे, कारण तिथली खुर्ची गादीची होती.

त्या खुर्चीपुढे बसलेल्या बाईंचं नाव हालिना. वय ऐंशीच्या आसपास. एके काळी आपल्या देशाकडून खेळलेल्या. अंगात निळं जाकीट, पाठ ताठ. त्यांच्या टेबलाजवळून जाणारा प्रत्येक जण आदराने थांबायचा आणि म्हणायचा, "पानी हालिना..."

पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. फेरी संपून दहा मिनिटांची सुट्टी झाली, तिसऱ्या माणसाने "पानी हालिना" म्हटलं, तशा वहिनी उठल्या, कोपऱ्यातल्या टेबलावरून पाण्याचा ग्लास भरून आणला आणि हालिनाबाईंसमोर ठेवला. मला म्हणाल्या, "म्हाताऱ्या बाईला कवाचं पानी पाहिजे, आणि सगळे नुसते बोलून जाताहेत."

तिथे बाईंना मानाने 'पानी' म्हणतात, हे आम्हाला संध्याकाळी गायकवाड सरांनी सांगितलं. तोपर्यंत वहिनींनी चार ग्लास नेऊन दिले होते. हालिनाबाईंनी चारही प्यायले. प्रत्येक वेळी मान किंचित झुकवून.

तो सामना मात्र आम्ही वाईट हरलो. बाईंनी आम्हाला धुऊन वाळत घातलं. त्या पराभवाने आमची मुख्य बादफेरीतली जागा हुकली. राहिलेल्या टीमांसाठी वेगळी स्पर्धा होती, तिला ते प्लेट म्हणतात. निकम म्हणाले, "म्हणजे रिकामी ताटली." त्या संध्याकाळी जेवताना ढगांचं ते वाक्य मला आठवलं, आणि सगळ्यांनाच आठवलं असणार.

शेवटी गायकवाड सर म्हणाले, "मी सुरगाण्याला पोरांना सांगायचो, पेपर अवघड गेला तर पुढच्या पेपरचा अभ्यास करायचा, मागच्याचा नाही. उद्या सकाळी आठला नाश्ता."

*

प्लेटमध्ये आम्ही एकेक सामना जिंकत गेलो. कसे ते सांगत बसत नाही, ब्रिजवाल्यांना आपापले डाव सांगायची खोड असते आणि ऐकणाऱ्याचा जीव जातो. पण शेवटचा एक सांगणारच.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा हालिनाबाई. त्यांची टीमही मुख्य बादफेरीत पहिल्याच सामन्यात हरून प्लेटमध्ये आली होती. एका टेबलावर मी आणि भाऊ, दुसऱ्या खोलीत सर आणि निकम. दोन्ही टेबलांवर तीच पानं वाटलेली असतात, म्हणजे नशिबाला जागा नाही. त्याच पानांतून जो जास्त काढेल तो जिंकला.

शेवटचा डाव. आम्ही थोडे मागे आहोत, हे मला आतून कळत होतं. बोली माझ्याकडे आली. चार इस्पिक. दहा हात करायचे, इस्पिक हुकूम. सगळं जुळत होतं, अडत होतं ते एका पानावर. इस्पिकची राणी कुणाकडे? डावीकडे हालिनाबाई, उजवीकडे त्यांचे भिडू, दाढीवाले मारेक. राणी डावीकडे समजून खेळायचं की उजवीकडे, हे मीच ठरवायचं. चुकलं की सामना गेला.

भाऊंची पानं टेबलावर उघडी होती, त्यामुळे ते काही करू शकत नव्हते. ते छताकडे बघत बसले.

मी थांबले. कारखान्यात एखादा सुटा भाग मापात बसत नसला की मी साहेबांना म्हणायची, "आधी मोजू, मग बोलू." तसंच मोजायला लागले. हालिनाबाईंनी आतापर्यंत बदामचा एक्का आणि राजा दाखवला होता. चौकटचा एक्काही त्यांच्याकडेच निघाला. पण डावाच्या सुरुवातीला पहिली बोली त्यांची होती आणि त्यांनी पास केलं होतं. एवढी पानं आणि वर इस्पिकची राणीही असती, तर त्या पास म्हणाल्या नसत्या. म्हणजे राणी उजवीकडे.

पण ही बाई पन्नास वर्षं खेळलेली. मुद्दाम पास केलं असेल तर? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही नाही. त्यांच्या मागे पुन्हा येऊन बसलेल्या वहिनींकडे मात्र पाहिलं नाही. मुद्दाम. त्यांना पानं दिसत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं असतं तर तो विजय माझा राहिला नसता.

मी उजवीकडचा हिशोब धरून भाऊंच्या उघड्या पानांतला गुलाम सोडला. मारेकनी छोटं पान टाकलं. आता हालिनाबाईंची पाळी. त्यांनी पान काढायला एक क्षण घेतला. तो क्षण मला अजून आठवतो. मग त्यांनी हळूच इस्पिकची दुर्री ठेवली.

राणी उजवीकडेच होती. दहा हात झाले.

दुसऱ्या खोलीतून सर आणि निकम आले. आम्ही भिंतीशी उभं राहून आकडे जुळवायला लागलो. त्याच डावात तिकडच्या खेळाडूने राणी डावीकडे समजली होती आणि एक हात कमी पडला होता. निकमांनी बेरीज केली. सरांनी ती परत केली. मग सर चष्मा काढून पुसत राहिले.

"दोन गुणांनी," ते म्हणाले. "आपण."

भामरे भाऊ खुर्चीवर बसले आणि रुमालात तोंड धरून रडले. साठीच्या पुढचा, युनियनच्या सभा गाजवलेला माणूस. आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही.

बक्षीस देताना निवेदकाने आमच्या गावाचं नाव स्वच्छ उच्चारलं. नाशिक. निकमांनी पुन्हा एकदा मनातल्या मनात त्यांच्या शहराचं नाव म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

*

शेवटची सूचना ही की परतीचं विमान शेवटच्या दिवशीचं घेऊ नका. एक सकाळ मोकळी ठेवा. आम्ही ठेवली होती.

हॉटेलच्या लॉबीत नाश्त्यानंतर बसलो होतो. सामान बांधून तयार होतं. हालिनाबाई आणि मारेक निरोप घ्यायला आले. वहिनींनी सवयीने पाणी आणलं. हालिनाबाईंनी ते घेतलं, वहिनींना हाताला धरून शेजारी बसवलं, आणि मला म्हणाल्या, "ही माझ्या मागे दोन सामने बसली. माझ्या मागे बसणारा माणूस कसा श्वास घेतो, ते मला बसल्या जागी कळतं. हिचा श्वास एकदाही बदलला नाही. हिला विचारा, ही काय खेळते?"

मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मला हे तुमचं नाय येत. मी मेंढीकोट खेळते. बाया बाया मिळून, दुपारी."

हालिनाबाई म्हणाल्या, "शिकवा."

मेंढीकोट आपल्याकडे घरोघरी माहीत. चौघं, दोन जोड्या. दहा नंबरच्या चार पानांना मेंढ्या म्हणायचं, जी जोडी जास्त मेंढ्या पकडेल ती जिंकली. चारही पकडल्या तर कोट. हुकूम आधी ठरत नाही. एखाद्याकडे चालू रंगाचं पान नसलं की तो जे पान टाकतो, तो रंग हुकूम. मी इंग्रजीत सांगितलं. मारेकनी एकदा विचारून खात्री केली. हालिनाबाईंना विचारावं लागलं नाही.

एका बाजूला ते दोघं, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि भामरे भाऊ. चाळीस वर्षांच्या संसारात हे दोघं भिडू म्हणून कधी बसले नव्हते. पहिलाच हात पडायच्या आत भाऊंनी वहिनींना भुवईने काहीतरी सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा."

पहिला डाव मेंढ्यांत बरोबरीत गेला, दोन-दोन. हालिनाबाईंना खेळ कळला होता. त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. दुसऱ्या डावापर्यंत आजूबाजूला माणसं जमली. त्या वहीवाल्या पंचबाई उभ्या होत्या, घड्याळ कानाला लावणारे गृहस्थही.

पहिली मेंढी वहिनींनी घेतली. दुसरी मारेकच्या हातातून काढून घेतली. मग त्यांनी तीन हात मुद्दाम सोडले, भाऊ अस्वस्थ झाले, आणि चौथ्या हाताला वहिनींनी किलवर हुकूम केला आणि तिसरी मेंढी उचलली. शेवटची मेंढी हालिनाबाईंकडे होती. त्या ती जपत होत्या, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. दोन पानं उरली. वहिनींनी एक पान खाली ठेवलं, सावकाश, भाकरी तव्यावर टाकावी तसं. हालिनाबाईंकडे त्या रंगाचं मेंढीशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांनी बराच वेळ आपल्या दोन पानांकडे पाहिलं आणि मेंढी टाकली.

कोट.

हालिनाबाई मागे रेलल्या. वहिनींकडे पाहिलं, मग भाऊंकडे, मग माझ्याकडे वळून शांतपणे इंग्रजीत विचारलं, "ही बाई इतके दिवस प्रेक्षकांत का बसली होती?"

वहिनी पानं गोळा करत होत्या. त्यांनी भाऊंना विचारलं, "काय म्हनते ती?"

भाऊंनी आपल्यापुढची पानं त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "ती म्हनते, तू पत्ते वाट."